पाच मिली रक्ताचा प्रश्न

ब्लॉक मागायला येणारी माणसं मला आता लॅबच्या दारातूनच ओळखू येतात. हातात मेडिकलच्या दुकानाची पिशवी, पिशवीत फाइल आणि मुंबईच्या गाडीचं तिकीट आधीच काढलेलं. "तिकडच्या डॉक्टरांनी ब्लॉक मागितलाय" एवढंच त्यांना ठाऊक असतं. ब्लॉक म्हणजे काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. मी कपाटातून काढून देते. बोटाच्या दोन पेरांएवढी प्लॅस्टिकची चौकट, तिच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, आणि पांढऱ्या मेणात रुतलेला, गाठीतून काढलेला केसासारखा बारीक तुकडा. मे महिन्यात जळगावात पारा 45च्या आसपास असतो, म्हणून कापसात गुंडाळते आणि बजावते, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडेल. एकदा एका म्हाताऱ्या आजींनी तो ब्लॉक पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि मला विचारलं, "एवढ्यातच शे का सगळं?"

हो, एवढ्यातच असतं. आणि त्यातलं जे वाचता येतं, तेही आपण पूर्ण वाचत नाही, म्हणून हा लेख.

मी बावीस वर्षं लॅब टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही. पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे जे नमुने माझ्या हातून गेले आणि घरात जे पाहिलं, त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ज्या कुणाला हा कॅन्सर असल्याचं नक्की होईल, त्याची आनुवंशिक जनुकचाचणी निदानाच्या पहिल्याच आठवड्यात, सरकारी योजनेतून, कुणी न मागता झाली पाहिजे. त्यासाठी लागतं पाच मिली रक्त. मुंबईला जायची गरज नाही, ब्लॉकचीही नाही.

स्वादुपिंड पोटाच्या मागच्या बाजूला, मणक्याला टेकून असतं. तिथली गाठ हाताला लागत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही. अमेरिकेसारख्या देशातही या रोगाच्या शंभर रुग्णांपैकी पाच वर्षांनी तेरा जण हयात असतात. यकृतात किंवा दूरच्या अवयवात पसरल्यावर निदान झालं असेल तर तीन. आपल्याकडे बहुतेक रुग्ण याच दुसऱ्या गटात येतात. त्यामुळे नातेवाइकांना बाजूला घेऊन "आता फारसं हातात काही नाही, घरी न्या" असं सांगण्याची पद्धत पडली आहे. ते सांगणारे डॉक्टर वाईट नसतात. वीस वर्षांपूर्वी ते वाक्य जवळजवळ खरं होतं. 1997 साली जेमसायटाबीन या केमोच्या औषधाच्या अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला. जुन्या औषधाच्या तुलनेत मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगतात तो काळ, साडेचार महिन्यांवरून साडेपाच महिन्यांवर गेलं आणि तेवढ्यावर ते औषध जगभर मान्य झालं. 2011 साली फ्रान्समधून चार औषधांच्या एकत्रित केमोचा निकाल आला, फॉल्फिरिनॉक्स. त्यात जेमसायटाबीनच्या 6.8 महिन्यांचे 11.1 महिने झाले. पण अकरा महिने हा मध्यक आहे. त्या रांगेत कुणी तीन महिन्यांत गेलं, कुणी तीन वर्षं काढली. ही माणसं वेगळी का वागली, हा पुढचा प्रश्न आणि त्याची काही उत्तरं आता हातात आहेत.

इथे मला मामांची गोष्ट सांगावी लागेल.

मामा चोपडा तालुक्यातले, केळीचे शेतकरी. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना अचानक साखर निघाली. घराण्यात कुणाला मधुमेह नव्हता, अंगावर चरबी नव्हती, उलट वजन उतरत होतं. पायजम्याची नाडी दोन वेळा आवळून झाली, तरी आम्ही म्हणत राहिलो, गोड सोडलंय ना, म्हणून बारीक झाले. पन्नाशीनंतर असा एकाएकी आलेला मधुमेह आणि सोबत घटणारं वजन ही स्वादुपिंडाची सोनोग्राफी-सीटी करून घेण्याची खूण आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. स्वतःच्या मामांच्या बाबतीत ते मला सुचलं नाही. विचारलं की ते म्हणायचे, "पोट दुखस जरासं, बाकी काय नही."

मग कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, लघवी चहासारखी, अंगाला खाज. आपल्याकडे कावीळ म्हटली की पाय आधी दवाखान्याकडे वळत नाहीत. कुणीतरी चुन्याच्या पाण्यात हात धुवून देतं आणि पिवळं झालेलं पाणी दाखवतं. कुणी डोक्यावर काविळीची माळ ठेवतं. ती लांबत लांबत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. मामांची माळ छातीपर्यंत आली, कावीळ वाढतच होती. यात तीन आठवडे गेले. मग सोनोग्राफी, पित्ताची नळी फुगलेली, तिच्यात घातलेला स्टेंट, सीटी, यकृतावर डाग, आणि बायोप्सीचा रिपोर्ट. दोन ओळींचा. ॲडिनोकार्सिनोमा. ज्या इस्पितळात निदान झालं तिथे त्यांना वय विचारलं, तंबाखू विचारली, रेशनकार्ड विचारलं. बहिणीला काय झालं होतं, हे कुणीही विचारलं नाही. त्यांची सख्खी बहीण, म्हणजे माझी आई, एकेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली होती.

मामांनी रिपोर्ट हातात धरून मला विचारलं, "कोनता रोग शे ते त सांग." मी म्हटलं, मामा, कॅन्सर आहे. ते थांबले आणि पुन्हा तेच विचारलं. तेव्हा मला त्यांचा प्रश्न कळला नव्हता. केळीच्या पानावर डाग दिसला तर हा माणूस 'रोग पडला' एवढ्यावर कधीच थांबला नसता. करपा असेल तर बुरशीनाशकाचा फवारा, खालची पानं कापायची. सीएमव्ही असेल तर फवारून उपयोग नाही, तो विषाणू आहे, मावा पसरवतो. झाड उपटून गाडायचं आणि शेजारची झाडं रोज बघायची. चुकीचं औषध मारलं तर पैसा जातो आणि त्यापेक्षा दिवस जातात. रावेर-यावल-चोपड्याच्या प्रत्येक शेतकऱ्याला हे कळतं. त्याच शेतकऱ्याला आपण त्याच्या स्वतःच्या रोगाचं नाव मात्र अर्धंच सांगतो.

पूर्ण नाव कसं असतं, ते सांगते. स्वादुपिंडाच्या या कॅन्सरमध्ये शंभरातल्या नव्वदांहून जास्त गाठींत केरास नावाच्या जनुकात बिघाड असतो. कित्येक वर्षं त्याच्यावर औषधच नव्हतं. आता त्या बिघाडाच्या एका प्रकारावर, जी12सी वर, गोळ्या आहेत, पण स्वादुपिंडात तो प्रकार शंभरात एक-दोघांनाच असतो. जास्त आढळणाऱ्या जी12डी वर औषधांच्या चाचण्या चालू आहेत. शंभरात एखाद्याच्या गाठीत डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा बंद पडलेली असते, तिला एमएसआय-हाय म्हणतात. अशा रुग्णाला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध, लागू पडू शकते आणि कधी कधी वर्षानुवर्षं टिकते. हे ओळखायला महागडं मशीन लागत नाही. चार प्रथिनांची रंगचाचणी त्याच ब्लॉकवर करता येते.

आणि मग बीआरसीए ही जनुकं. स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरमुळे हे नाव लोकांच्या कानावर आहे. स्वादुपिंडाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते सात जण बीआरसीए 1 किंवा 2 मधला दोष जन्मतःच घेऊन आलेले असतात. आईकडून किंवा वडिलांकडून. पीएएलबी2 हे त्याच घरातलं आणखी एक जनुक. या लोकांच्या गाठीला तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही, म्हणून डीएनए तोडणारी प्लॅटिनमची औषधं तिला फार लागतात.

प्लॅटिनम म्हणजे सिस्प्लॅटिन, ऑक्झालिप्लॅटिन. सिस्प्लॅटिन 1978 पासून वापरात आहे. कुठल्याही जिल्ह्याच्या केमो सेंटरला ते मिळतं आणि केमोच्या औषधांत ते स्वस्तातल्या औषधांत मोडतं. 2020 साली बीआरसीए किंवा पीएएलबी2 चा दोष असलेल्या पन्नास रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना जेमसायटाबीन आणि सिस्प्लॅटिन दिलं, त्यांतल्या काहींना वरून एक नवं औषधही दिलं. नव्या औषधानं फारसा फरक पडला नाही. पण फक्त जुनी दोन औषधं घेणाऱ्यांतही शंभरातल्या पासष्टांच्या गाठी आक्रसल्या आणि मध्यक आयुष्य सोळा महिन्यांवर गेलं. पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हा आकडा मोठा आहे. जनुकचाचणी म्हणजे श्रीमंतांच्या गोळ्यांची जाहिरात, असं जे म्हणतात त्यांनी हे नीट पाहावं. अशक्त रुग्णाला चार औषधांची केमो झेपणार नाही म्हणून आपल्याकडे नुसतं जेमसायटाबीन दिलं जातं. त्याच्यात बीआरसीएचा दोष असेल, तर त्याच्या कामाचं स्वस्त औषध शेजारच्या खणात पडलेलं असतं आणि तो ते न घेता जातो.

महागड्या गोळीबद्दलही खरं तेच सांगायला हवं. ओलापारिब नावाची गोळी बीआरसीएच्या रुग्णांना केमोनंतर देतात. 2019च्या अभ्यासात रोग पुन्हा वाढायला लागण्याचा काळ तिनं 3.8 महिन्यांवरून 7.4 महिन्यांवर नेला. एकूण आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखंच निघालं, एकोणीस महिन्यांच्या आसपास. म्हणून तिच्यासाठी कुणी शेत विकावं, असं मी म्हणणार नाही.

उपप्रकारांचं तसंच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत संशोधकांनी या कॅन्सरचे गट पाडले आहेत. आता साधारण दोन गटांवर एकमत आहे: क्लासिकल आणि बेसल-लाइक. पहिल्याच्या पेशी अजून ग्रंथीच्या पेशींसारख्या दिसतात-वागतात, केमोला बरा प्रतिसाद देतात. दुसऱ्याच्या पेशींनी आपली ओळखच टाकलेली असते. त्या लवकर पसरतात आणि फॉल्फिरिनॉक्सलाही दाद देत नाहीत. गाटा6 नावाच्या एका प्रथिनावरून या दोघांचा अंदाज बांधता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघताना मला कधी कधी वाटतं, हा फरक इतकी वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होता. पण आज तुमचा गट कळला म्हणून तुमचा डॉक्टर वेगळं औषध लिहील, अशी परिस्थिती नाही. ते उद्याचं काम आहे. त्यासाठी कुणी पदरचे पैसे आज खर्च करू नयेत.

हे मुद्दाम सांगते, कारण दुसऱ्या टोकाची माणसंही मी पाहिली आहेत. एका घरानं कापसाचे आलेले सगळे पैसे शेकडो जनुकांच्या पॅनेलवर घातले. रिपोर्ट जाडजूड आला, त्यात औषधांची लांब यादी होती, बहुतेक औषधं भारतात मिळत नव्हती. आणि तो आला तेव्हा माणूस आठवड्यापूर्वीच गेला होता. मुलगा रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आला आणि म्हणाला, ताई, आता याचं काय करू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाचणी बाजारावर सोडली की असंच होतं. ज्याला परवडतं तो नको तेवढी करतो आणि ज्याला परवडत नाही तो हवी तेवढीही करत नाही. म्हणूनच मला ती सरकारी योजनेत हवी आहे. मोजकी, ठरलेली. रक्तातून आनुवंशिक जनुकांची चाचणी सगळ्यांना, ब्लॉकवर चार प्रथिनांची रंगचाचणी सगळ्यांना. गाठीची मोठी तपासणी, ज्याची तब्येत पुढच्या औषधाला किंवा संशोधनातल्या चाचणीला सामोरं जाण्याइतकी आहे त्याला.

यावर पहिला आक्षेप पैशांचा. सात जणांसाठी शंभरांचा खर्च का? आधी गावात साधी सोनोग्राफी होऊ द्या. सोनोग्राफी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण जनुकाची तपासणी खानदेशाला नवी नाही. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेलसाठी आरोग्य कर्मचारी रक्ताचे थेंब घेत फिरतात, शाळेच्या पडवीत बसून पोरांना तपासतात, वाहक कोण आणि रुग्ण कोण याची कार्डं देतात. सिकलसेल हासुद्धा एका जनुकातला दोषच आहे. क्षयाच्या रुग्णाची थुंकी सरकारी यंत्रात घालून जंतूच्या जनुकावरून सांगतात की रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही. क्षयाच्या बाबतीत आपण असं म्हणत नाही की प्रतिकार करणारे जंतू थोड्यांनाच असतात, मग सगळ्यांना कशाला तपासायचं. उलट, सगळ्यांना तपासलं तरच ते थोडे सापडतात, हे आपण धोरण म्हणून मान्य केलं आहे.

धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. रक्त तिथे काढायचं, बर्फाच्या डब्यात ठेवून मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचं. माणसानं शेकडो किलोमीटर जायचं की नळीनं, एवढाच प्रश्न आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोची पॅकेजं आहेत, त्यांनाच ही चाचणी जोडून द्यावी, वेगळा अर्ज नको. नॅशनल कॅन्सर ग्रिडनं देशभरच्या कॅन्सर केंद्रांसाठी औषधांची एकत्र खरेदी करून किमती खाली आणून दाखवल्या आहेत. चाचण्यांची तशीच खरेदी झाली, तर आजचे दर उद्या राहणार नाहीत. आणि केमो रिपोर्टसाठी थांबवायची नाही. रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतात आणि या रोगात तेवढे दिवस वाया घालवता येत नाहीत. पहिल्या दिवशी नळी जाईल, केमो चालू राहील, रिपोर्ट आल्यावर औषध बदलायचं तर बदलता येईल. पहिल्याच आठवड्यात, हा माझा आग्रह त्याच्यासाठी आहे. दुसऱ्या केमोनंतर सुचलेली चाचणी बहुतेक वेळा उशिरा येते.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. तो घरातून येतो. "रक्तातच दोष आहे असं कागदावर आलं, तर पोरींची लग्नं कशी व्हायची?" हे मला एका आईनं विचारलं होतं, आणि तिला मी वेड्यात काढलं नाही. सिकलसेलच्या कार्डावरून मोडलेली सोयरीक मी पाहिली आहे. त्यामुळे चाचणी येणार असेल तर समुपदेशकही आली पाहिजे, अहिराणी समजणारी, पावरी समजणारी. तिनं सांगावं की हा दोष मुलांमध्येही तितकाच उतरतो, तो फक्त पोरींचा नाही. प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी, म्हणजे न मिळण्याचीही निम्मी. दोष मिळाला म्हणजे रोग झाला असं नाही. आणि रिपोर्ट कुणाला दाखवायचा, हे ज्याचं रक्त त्यानं ठरवायचं. एवढं केल्यावरही कुणी नको म्हणालं, तर नको. पण आज नको म्हणण्याचीही संधी कुणाला मिळत नाही, कारण कुणी विचारतच नाही.

आणि ज्या पोरींच्या लग्नाची काळजी आहे, त्यांच्याचसाठी ही चाचणी सर्वांत मोलाची आहे. मामांना केमो मिळाली, त्यांनी सात महिने काढले. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना दुखणं सोसवत नव्हतं, जेवण पचवणाऱ्या गोळ्याही उशिरा सुरू झाल्या. बीआरसीएची चाचणी झाली असती तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. पण त्यांना दोन मुली आहेत, एक शिरपूरला, एक सुरतला. मीही आहे.

मामांच्या वर्षश्राद्धानंतर मी स्वतःच्या पैशानं माझी चाचणी केली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी पेढे आणायच्या बेतात होते, तेव्हा समुपदेशक बाईंनी फोनवर शांतपणे समजावलं. तुमच्या घराण्यात दोष होता का, हेच ठाऊक नाही. असेल आणि तुमच्यात आला नसेल, तर तुम्ही मोकळ्या. पण तो आम्हाला अजून न सापडलेल्या एखाद्या जागी असेल, तर या निगेटिव्हचा अर्थ लागत नाही. आधी आजारी माणसाची चाचणी व्हायला हवी होती. त्यांच्यात अमुक दोष सापडला असता, तर बाकी सगळ्यांना फक्त तेवढीच एक जागा तपासून थोड्या पैशांत हो की नाही सांगता आलं असतं. आई गेली तेव्हा अशा चाचण्या आपल्याकडे नव्हत्या. मामा असताना होत्या.

मी मामांचा ब्लॉक मागवून घेतला. बायोप्सीचा सगळा तुकडा निदानासाठी कापून संपत आला होता, मेणात एक करडी रेघ तेवढी दिसत होती. तरी पाठवला. "नमुना अपुरा" असा शेरा घेऊन तो परत आला. मामांच्या दोघी मुलींनी गेल्या महिन्यात आपापलं रक्त दिलं आहे, पूर्ण चाचणीसाठी, अंदाजानं. मामांचा ब्लॉक माझ्याकडे, लॅबच्या खालच्या खणात आहे.